रेघेखालचा प्रश्न

प्रोस्टेटच्या तक्रारी घेऊन माणूस आला की आम्ही यूरोलॉजिस्ट त्याच्या हातात एक कागद देतो. जगभर तो ‘आयपीएसएस’ म्हणून ओळखला जातो. त्यात लक्षणांचे सात प्रश्न असतात. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटते का, दोन तासांच्या आत परत जावं लागतं का, धार मध्येच तुटते का, लागली की धरवत नाही असं होतं का, धार बारीक झालीय का, कुंथावं लागतं का आणि रात्री किती वेळा उठावं लागतं. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज ७ पर्यंत गेली तर त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. मग एक रेघ, आणि रेघेखाली आठवा प्रश्न. हा बेरजेत धरत नाहीत. लघवीची आजची स्थिती उरलेलं सगळं आयुष्य अशीच राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? शून्य म्हणजे अगदी आनंदात, सहा म्हणजे असह्य.

मी सांगली जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. कित्येक वर्षं मी फक्त बेरीज बघायचो. आठवा प्रश्न नजरेखालून जायचा, पण त्यावरून काही ठरवायचं असतं हे डोक्यात शिरलं नव्हतं. परीक्षेत बेरजेचे टप्पे विचारतात, ते पाठ होते. रेघेखालचं उत्तर म्हणजे पाहुण्याला ‘कसं काय, बरं आहे ना’ विचारतात तशातलं काहीतरी, असं मी धरून चाललो होतो.

त्यातून ती बेरीज तरी खरी होती का? ओपीडीत गर्दी असायची. जतकडचे एक आबा पहिल्याच प्रश्नाला अडले. गेल्या महिन्यात, लघवी झाल्यावरही थोडी राहिलीय असं किती वेळा वाटलं: अजिबात नाही, पाचात एकदाहून कमी, निम्म्याहून कमी वेळा, साधारण निम्म्या वेळा... आबांनी कागद खाली ठेवला. “डॉक्टर, मुतायला गेल्यावर मी हिशेब मांडत बसतोय व्हय?” सगळी ओपीडी हसली, मीही हसलो. पण आबांचं म्हणणं रास्त होतं, आणि मी त्यातून काढला तो धडा चुकीचा. वेळ वाचावा म्हणून कागद भरायचं काम मी कंपाउंडरकडे दिलं. पेशंट ‘होतंय कधीमधी’ म्हणाला की तो दोनवर खूण करायचा, आणि चेहरा ओढलेला दिसला तर चारवर. बापाच्या वतीने मुलगा उत्तरं द्यायचा. मी स्वतः विचारायला बसलो तरी, “धार बारीक झालीय ना? कुंथावं लागतंय ना?” असाच सूर. समोर डॉक्टर बसलाय, तो ‘ना’ म्हणतोय, तर आपण ‘नाही’ कशाला म्हणा! पेशंटच्या तोंडची माहिती म्हणून केसपेपरला लागणाऱ्या त्या आकड्यात पेशंट किती आणि आम्ही किती, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्याच काळात इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आले. वय पंचावन्नच्या आसपास. त्यांच्या थोरल्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता, त्या धास्तीने आले होते. रक्ताची पीएसए तपासणी नॉर्मल आली. बोटाने तपासलं तर गाठ लागत नव्हती. ‘कॅन्सरचं काही दिसत नाही, वर्षाने पुन्हा रक्त तपासू’ असं सांगून मी त्यांना घरी पाठवायला हवं होतं, कारण ते तेवढंच विचारायला आले होते. पण केसपेपरला कागद लागलेला होता आणि बेरीज होती २१. तीव्र. धारेची तपासणी केली, सेकंदाला नऊ मिली. म्हटलं, “वाढलंय, अडथळा आहे. दुर्बिणीतून काढून टाकू, कटकट मिटेल.” ते म्हणाले, “तुम्ही म्हणताय तर करू.”

आता खरं ते सांगायला हवं. नव्या मशीनच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जात होता आणि मेडिक्लेमच्या कागदांवर २१ हा आकडा भरभक्कम दिसतो. पैशासाठी ऑपरेशन केलं असं मला तेव्हा वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण ज्या आकड्याने आपल्या सोयीचं होतं त्याची उलटतपासणी आपण कमी करतो, एवढं कबूल करतो. रेघेखाली त्यांनी दोनवर खूण केली होती. दोन म्हणजे ‘बहुतांशी समाधानी’.

ऑपरेशन उत्तम झालं. तीन महिन्यांनी धार २२ मिली, बेरीज ४. माझ्या लेखी तो त्या वर्षातला उत्कृष्ट निकाल होता. पुढे कधीतरी त्यांची बायको स्वतःच्या लघवीच्या जळजळीसाठी आली. तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाली, “ह्यांच्या ऑपरेशनमध्ये काही कापलं गेलं काय हो? तेव्हापासून ते वेगळे झोपतात.” मी गृहस्थांना बोलावून घेतलं. झालं होतं ते पुस्तकी होतं. या ऑपरेशननंतर तीनात दोघांना तरी संबंधाच्या शेवटी वीर्य बाहेर येत नाही, ते मागे मूत्राशयात जातं. इजा काही नसते, लघवीवाटे निघून जातं. पण ज्याला आधी कुणी सांगितलेलं नाही, त्याने काय समजायचं? त्यांनी आपलं पुरुषत्व गेलं असं समजून घेतलं होतं. विचारायची लाज, म्हणून गप्प. संमतिपत्रात त्याची एक ओळ होती, इंग्रजीत, बाकीच्या पंचवीस ओळींच्या मध्ये. सही होती.

त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिताना आजही अवघड वाटतं. मी धारेचे दोन आलेख त्यांच्यासमोर ठेवले, आधीचा आणि नंतरचा, आणि म्हणालो, “पण लघवी बघा ना किती सुधारली.” त्यांनी आलेखांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “साहेब, मला लघवीचा त्रास होता कुठं?”

त्यानंतर मी हा कागद मुळात आला कुठून ते वाचायला घेतलं. म्हणजे डिग्री घेऊन, प्रॅक्टिस बसवून झाल्यावर. अमेरिकेत जॉन वेनबर्ग नावाचा डॉक्टर गावोगावच्या ऑपरेशनांचे आकडे मांडायचा. शेजारशेजारच्या भागांत माणसं सारखी, पण प्रोस्टेटची ऑपरेशनं एकीकडे धडाधड आणि दुसरीकडे क्वचित. आयोवा राज्यात ८५ वर्षांपर्यंत पोचलेल्या पुरुषांपैकी काही भागांत १५ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं, काही भागांत ६० टक्क्यांहून जास्तांचं. आजार तर एवढा बदलत नाही, बदलतो डॉक्टर. मग मेन राज्यातल्या यूरोलॉजिस्टांना सोबत घेऊन वेनबर्ग, मायकल बॅरी, फ्लॉइड फाउलर या मंडळींनी थेट पेशंटनाच विचारलं, ऑपरेशनआधी आणि नंतरही. १९८८ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचं सार असं की लक्षणं तेवढीच असली तरी त्यांचा जाच माणसागणिक वेगळा असतो, आणि ऑपरेशन करावं की थांबावं हे त्या जाचावर आणि त्या माणसाला काय गमवायची तयारी आहे यावर ठरायला हवं. या कामातून १९९२ साली अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनची सात प्रश्नांची यादी आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकांतून आठवा प्रश्न तिला जोडला गेला. ज्यासाठी हा सगळा खटाटोप झाला तेवढंच सोडून बाकीचं मी वापरत होतो.

एकदा रेघेखाली बघायची सवय लागली तेव्हा उलट्या बाजूच्या चुकाही दिसायला लागल्या. एसटीचे एक ड्रायव्हर होते. बेरीज ९. मी आधी त्यांना “किरकोळ आहे, वयोमानाने होतं, गोळीचीही गरज नाही” म्हणून परत लावलं होतं. पुढे ते मुतखड्याच्या कळा घेऊन रात्री अ‍ॅडमिट झाले. पाणी किती पिता असं सिस्टरने विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ड्यूटीवर निघायच्या दोन तास आधीपासून पाणी बंद. चहा नाही. गाडी कुठल्याही स्टँडला थांबली की, लघवी लागो न लागो, आधी मुतारी. हायवेला भरल्या गाडीत एकदा प्रसंग आला होता, त्याची दहशत बसली होती. खडा केवळ पाणी कमी प्यायल्याने झाला असं मी म्हणणार नाही, पण हातभार नक्की लागला. आणि ती ९ ची बेरीज? एवढा सगळा बंदोबस्त करून जे उरत होतं तेवढंच त्या कागदाला दिसत होतं. जुना कागद काढून बघितला. रेघेखाली सहावर खूण होती, पेन दाबून गिरवलेली. त्यांना साधी टॅम्सुलोसिनची गोळी पुरली. या गोळीने सुरुवातीला चक्कर येऊ शकते, म्हणून पहिले दिवस सुट्टीला जोडून सुरू केली.

याउलट तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार. रात्री चार-पाच वेळा उठतात, बेरीज चांगली विशीच्या घरात, आणि रेघेखाली एक. मी दोनदा खुंटा हलवून बघितला. ते म्हणाले, “लाईट रात्रीची असती. मोटर चालू करायला, पाणी फिरवायला उठायचंच असतंय. त्यात लघवी होऊन जाती.” त्यांना मी काही दिलं नाही. ते खूश, मीही.

रात्रीच्या उठण्याने मात्र मला एकदा चांगलंच फसवलं. किंबहुना मीच फसवून घेतलं. एक निवृत्त मुख्याध्यापक, रात्री पाच वेळा उठणं, झोपेचं खोबरं, रेघेखाली पाच. इथे तर पेशंटला जाच होता, ऑपरेशन न्याय्य होतं, असं मला वाटलं. केलं. दिवसाची धार सुधारली, रात्री पाच वेळा उठणं तसंच. सर नेमस्त गृहस्थ, तक्रार केली नाही. दर भेटीला वहीत लिहून आणायचे, ‘रात्री ५’. शेवटी मी जे ऑपरेशनआधी करायचं ते नंतर केलं. मापाचं प्लॅस्टिकचं भांडं दिलं आणि तीन दिवस प्रत्येक लघवी मोजून वेळेसकट लिहायला सांगितलं. सरांनी कोष्टक आखून आणलं. चोवीस तासांतली निम्म्याहून जास्त लघवी रात्री होत होती. म्हाताऱ्या माणसात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं की रात्री लघवी जास्त तयार होते असं धरतात. त्याचं मूळ प्रोस्टेटमध्ये नसतंच. सरांच्या पायावर संध्याकाळी सूज यायची, आडवं झालं की ते पाणी रक्तात परत यायचं. बीपीची लघवी वाढवणारी गोळी ते रात्रीच्या जेवणानंतर घेत होते. त्यांच्या फिजिशियनशी बोलून ती दुपारी आणली, संध्याकाळी थोडा वेळ पाय वर ठेवून बसायला सांगितलं. पाचाचे दोन झाले. म्हणजे सरांनी कागदावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. ‘किती वेळा’ हे ते सांगत होते, ‘का’ हे शोधायचं काम माझं होतं, आणि ते मी पेशंटच्या उत्तरावरच ढकलून मोकळा झालो होतो.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. मी उत्साही झालो. ऑपरेशननंतर ठरावीक महिन्यांनी प्रत्येकाकडून कागद भरून घ्यायचा, असा नेम केला. पुढेपुढे व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म जायला लागला. एक मुलगी ते एक्सेलमध्ये भरायची. कॉन्फरन्समध्ये मी स्लाइड दाखवली: बेरीज सरासरी १४ गुणांनी उतरली. एरवी तीनेक गुणांचा फरकही पेशंटला जाणवतो, तिथे चौदा! टाळ्या पडल्या. त्याच यादीत एक माणूस होता ज्याने ऑपरेशननंतरच्या प्रत्येक फॉर्मवर रेघेखाली सहा लिहिलं होतं. सरासरीत तो कुठल्या कुठे विरघळला. लघवी पार तुंबल्यावर रात्री इमर्जन्सीला आला तेव्हा कळलं की मूत्रमार्ग आकसला होता. या ऑपरेशननंतर काहीजणांना होतं ते, आणि वेळेत धरलं तर सोपं असतं. मी विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? तो माझ्याकडे बघतच राहिला. “तुम्हाला लिहून कळवत होतो की! म्हटलं, काही असतं तर बोलावलं असतं.”

न विचारणारा डॉक्टर परवडला, कारण पेशंट निदान स्वतःच्या पायाने येतो. विचारून न वाचणाऱ्या डॉक्टरपायी तो घरी वाट बघत बसतो. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ईथन बॅश आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या कॅन्सरच्या ७६६ पेशंटवर केलेली चाचणी मी स्लाइडमध्ये मोठ्या तोऱ्यात दाखवली होती. एका गटाने मळमळ, दुखणं, धाप अशी बारा लक्षणं ऑनलाइन कळवायची, दुसऱ्याने नेहमीसारखं भेटीत सांगायचं. २०१७ साली निकाल आला: कळवणाऱ्यांच्या आयुष्याचा मध्यक ३१ महिने, दुसऱ्या गटाचा २६. पुढे अनेक केंद्रांवर झालेल्या मोठ्या चाचणीत आयुष्यातला हा फरक पुन्हा दिसला नाही, जगणं सुसह्य झालेलं मात्र दिसलं. मी त्यातून उचललं काय, तर ऑनलाइन फॉर्म. लक्षण बळावलं की लगेच नर्सला इशारा जायचा आणि ती फोन उचलायची, ही त्यातली मुख्य गोष्ट माझ्या दवाखान्यात नव्हतीच. आता एक सिस्टर रोज दुपारी आलेले फॉर्म बघते आणि रेघेखाली चार किंवा जास्त दिसलं की त्याच दिवशी फोन लावते. एक्सेल बंद केलं. कॉन्फरन्सला दाखवायला आता काही नाही.

ज्यांना वाचणं-मोजणं जड जातं त्यांच्यासाठी चित्रांचा कागद ठेवलाय. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठाच्या यूरोलॉजिस्टांनी तो कमी शिकलेल्या पेशंटसाठी तयार करून २०११ साली तपासून प्रसिद्ध केला होता. उभ्या माणसाची जाड-बारीक धार, दिवसाच्या आणि रात्रीच्या खेपा, आणि हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे. जतचे आबा असते तर त्यांनी चहा यायच्या आत भरून दिला असता. कंपाउंडरला कागदाला हात लावायची मनाई आहे, मुलांनाही.

इथवर वाचून, म्हणजे पेशंट म्हणेल तेच खरं, असं कुणाला वाटलं तर माझी शेवटची चूक सांगतो. ती सगळ्यांत अलीकडची आहे आणि सगळ्यांत महाग पडली. सत्तरीचे एक शेतकरी. बेरीज ८, रेघेखाली एक. मी तोवर आठव्या प्रश्नाचा भक्त झालो होतो. म्हटलं, “तुम्हाला त्रास नाही ना? मग मलाही नाही.” सोनोग्राफी सांगितली नाही, पोटावर हातही नीट ठेवला नाही. काही महिन्यांनी त्यांना उलट्या आणि पायावर सूज म्हणून आणलं, किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन सहाच्या वर. मूत्राशयात लिटरभर लघवी साठलेली, दोन्ही किडन्या फुगलेल्या. आणि दुखत काहीच नव्हतं. हळूहळू तुंबत गेलं की मूत्राशय ताणत जातं आणि कुरकुर करत नाही. सुनेने बाहेर सिस्टरला सांगितलं की वर्षभर रात्री अंथरूण ओलं होतं, ते स्वतःच पहाटे उठून धुवून टाकतात. अंथरुणाबद्दल त्या कागदात प्रश्न नाही. मीही विचारलं नव्हतं. नळी टाकली, किडन्या थोड्या सावरल्या, क्रिएटिनिन अडीचवर येऊन थांबलं. ते काही आता खाली येणार नाही.

तेव्हापासून लघवी करून आल्यावर आत किती उरली हे सोनोग्राफीवर बघितल्याशिवाय आणि क्रिएटिनिन हातात आल्याशिवाय मी रेघेखालच्या उत्तरावर काही ठरवत नाही. किडनीला धोका असेल तर पेशंट कितीही समाधानी असो, मी हट्ट धरतो, प्रसंगी भांडतो. धोका नसेल तर त्याचं उत्तर शेवटचं, मग बेरीज तीस का असेना. आणि वीर्य मागे जातं हे ऑपरेशनआधी तोंडी सांगतो, मराठीत, बायको सोबत असेल तर तिच्यासमोर, नसेल तर एकट्याला. तरी सगळं बसतंच असं नाही. परवा एका काकांनी आठव्या प्रश्नाला दोनवरही खूण केली आणि पाचवरही. एकच करायची असते म्हटलं, तर म्हणाले, “दिवसाचं दोन आणि रात्रीचं पाच. तुम्ही एकच जागा ठेवलीय, त्याला मी काय करू?” त्यांना मापाचं भांडं दिलंय. सोमवारी येणार आहेत.